भिकाआबांची कणगी

माझ्या दुकानाचं सगळ्यात जास्त नुकसान ज्या माणसानं केलं, त्याला बसायला बाकडं मीच दिलं होतं.

बारामतीत मार्केट यार्डाच्या रस्त्याला माझं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. नव्वदीची सुरुवात होती. कंपन्यांचे रंगीत डबे नुकतेच फळ्यांवर मिरवायला लागले होते आणि नवीन दुकानदाराच्या अंगात असतो तो सगळा जोर माझ्या अंगात होता. बाजारच्या दिवशी कन्हेरीहून भिकाआबा सायकलवरून यायचे. सायकल माझ्या भिंतीला टेकवायची, उपरण्यानं बाकडं झटकायचं आणि बाजार उठेपर्यंत तिथं बसायचं, हा त्यांचा नेम. नुसते बसले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

गिऱ्हाईक पायरी चढलं की आबा विचारायचे, "काय घ्याया आलाय, पाव्हणं?"

"दोडक्याचं बी, आबा."

"पुढच्या साली उगवंल का?"

"आँ?"

"ह्याच्या दोडक्याचं बी धरलं, तर पुढच्या साली तुमच्या घरचं उगवंल का? आसंच?"

"पुढच्या साली नवीन न्यायचं की."

"मंग त्ये बी न्हाय. भाडं हाय," असं म्हणून आबा तंबाखू मळायला लागायचे. गिऱ्हाईक पायरीवरच अडकायचं. काही आत यायचे, काही 'जरा बाजार करून येतो' म्हणून जायचे ते जायचेच. मी गल्ल्यावर बसून दात-ओठ खायचो.

त्यांना उठवायचं मी बऱ्याचदा ठरवलं. पण एकतर आल्या आल्या ते मला मोठ्यानं "जय भीम, दुकानदार" म्हणायचे आणि मी "राम राम, आबा" म्हणायचो. एकमेकांचा नमस्कार असा आपल्या तोंडी घेतला की भांडण सुरू करणं अवघड जातं. शिवाय माझे वडील तेव्हा होते. मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, "बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाय. आपल्याला कुठं कुठं बसू दिलं नव्हतं, ते इसरलास का?" बाकडं आबांच्या नावावर झालं ते झालंच.

कंपन्यांना त्यांनी माझ्याहून जास्त छळलं. तेव्हा गावोगाव पीक पाहणीचे कार्यक्रम व्हायचे. मांडव, माइक, जेवण आणि जाताना प्रत्येकाला कंपनीची टोपी. आबा एकही कार्यक्रम चुकवायचे नाहीत. पहिल्या पंगतीला बसायचे, बुंदी मागून घ्यायचे आणि 'कुणाला काही शंका?' असं विचारलं की हात वर करायचे. प्रश्न ठरलेला. पुढच्या साली उगवंल का? एक साहेब तर आबांचा हात वर गेलेला दिसला, की 'आभार मानतो आणि थांबतो' म्हणून मोकळा व्हायचा.

टोप्या मात्र ते इमानानं घरी न्यायचे. त्यांच्या शेतात बुजगावणी होती, त्यांच्या डोक्यावर त्या असायच्या. टोप्या जास्त आणि बुजगावणी कमी, त्यामुळे एकेकाच्या डोक्यावर तीन-तीन कंपन्या. "पाखरं बी भेत्यात बघ नाव वाचून," असं आबा सांगायचे. पाखरं खुशाल त्या टोप्यांवर बसलेली मी पाहिली आहेत.

पुढं परदेशी कंपन्या आपल्या बियाण्यावर मालकी सांगणार, अशी चर्चा सुरू झाली. पुण्याहून झोळीवाली पोरं-पोरी जीपमधून यायला लागली. देशी वाण वाचवा, बियाणं हा आमचा हक्क, अशा सभा व्हायच्या. आबा त्यांचे लाडके झाले. मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा आबा सगळ्यात पुढं होते. पोरांनी लांबलचक घोषणा बसवली होती, ती आबांना शेवटपर्यंत पाठ झाली नाही. ते मध्येच आपलं "पुढच्या साली उगवंल का?" ओरडायचे आणि मागचे लोक सवयीनं "झालंच पाहिजे!" म्हणायचे.

आत गेल्यावर पोरांनी निवेदन दिलं आणि आबांनी उपरण्याची गाठ सोडून मामलेदारांच्या टेबलावर मूठभर काकडीचं बी ठेवलं. "लावा बंगल्याच्या मागं," म्हणाले. मामलेदार भले होते, हसले. कारकून मात्र गोंधळला. आवक रजिस्टरला हे कशाखाली घ्यायचं, म्हणून त्यानं दोनदा विचारलं.

ते बी साधंसुधं नव्हतं. सगळ्याचं मूळ त्या काकडीत होतं.

आबांची बायको साळूबाई इंदापूरकडची, भीमेकाठची. तिचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं. घरं, चिंचा, मसणवटा, सगळं. लोकांना दुसरीकडं जागा मिळाल्या, ते चहूकडं पांगले. पूर्वी उन्हाळ्यात नदी ओसरली की काठच्या गाळात तिथली माणसं काकड्या लावायची. बुटकी, पांढरट, अंगावर बारीक लव असलेली काकडी. कडू म्हणून निघायची नाही. साळूबाईनं लग्नात ते बी पदराला बांधून कन्हेरीला आणलं होतं. गाव बुडालं आणि त्या गावाची खूण म्हणून हा एक वेल उरला.

मी दुकान टाकलं त्याच्या आधीच साळूबाई गेली. मी तिला पाहिलेलं नाही. पण तिचे नियम मला पाठ होते, कारण आबा ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. बियाला राखायची काकडी वेलावर पिवळी होऊ द्यायची आणि कुणी तोडू नये म्हणून तिच्या देठाला चिंधी बांधायची. बियाला मोल घ्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बी घरात साठवायचं नाही. लावून उरेल ते सगळं मृगाच्या आत वाटून टाकायचं.

"बी मडक्यात ऱ्हायलं की मरतंय, माणसात ऱ्हायलं की जगतंय," असं साळूबाई म्हणायची म्हणे. "आपलं बुडालं तर दुसऱ्याकडनं मूठभर आणायचं. त्येचं बुडालं तर त्यानं आपल्याकडनं न्ह्यायचं." गाव बुडालेल्या बाईला हे सुचणं साहजिक होतं.

त्यामुळे आबांच्या घरात बियाण्याचं मडकं शोधून सापडलं नसतं. "आबा, तुमची कणगी कुठाय?" असं मी चिडवायला विचारलं की ते अख्ख्या रस्त्यावरून हात फिरवायचे. "माझी कणगी गावभर हाय."

बाजाराला जाणारा, लग्नाला आलेला, एसटीत शेजारी बसलेला, ज्याला म्हणून वावर आहे त्याच्या हातावर आबा बी ठेवायचे. लोकही वाकून, दोन्ही हातांनी घ्यायचे. म्हाताऱ्या माणसाचा मान होता तो.

आणखी एक खूळ होतं. हंगामाची पहिली काकडी सासुरवाडीला न्यायची. सायकल माझ्या दुकानाला लावायची, इंदापूरची एसटी धरायची आणि काकडी मांडीवर घेऊन बसायचं. तिथं उजनीच्या पाण्याशी उभं राहून ती पाण्यात सोडायची आणि परत यायचं. कंडक्टर चेष्टा करायचे, "आबा, काकडीचं अर्धं तिकीट काढू का?" आबा म्हणायचे, "माहेरवाशीण हाय, तिला फुकाट न्ह्यायचं असतंय." मीही हसायचो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

आबांना मूलबाळ नव्हतं. शेजारच्या वावरात पुतण्या राहायचा. तो एमआयडीसीत कामाला होता, पण कायम करत नव्हते. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा कुणाच्या तरी पाया पडायचं. घर खरं ओढायची त्याची बायको मंगल. आबांना दोन वेळची भाकरी तिच्याच घरून जायची आणि ताटात काय आहे हे न विचारता आबा जेवायचे, हा त्यांच्या प्रेमाचा प्रकार.

एका वर्षी मंगलनं कंपनीचा बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला. म्हणजे कंपनी दोन जातींची रोपं देते आणि त्यांचा संकर करून तयार झालेलं बी कंपनीच विकत नेते. काम फार नाजूक. संध्याकाळी उद्याच्या कळ्या हेरून त्यांना कागदाच्या टोप्या घालायच्या, सकाळी त्या काढून नराचं फूल मादीच्या फुलाला अलगद टेकवायचं. मंगलच्या बोटांना ते लगेच जमलं. तिच्या नावावर पहिल्यांदा काहीतरी होत होतं. नवऱ्याला साहेबाच्या पाया पडायला पाठवायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं आणि ते तिनं दुकानात माझ्यापाशी बोलूनही दाखवलं होतं.

पीक कसलं, तर काकडी.

आबा महिनाभर त्यावर रोज बोलायचे. "माझ्या बांधाला कंपनी आली रं दुकानदार. आता कळ्यांना बी टोप्या घालाय लागली." पण मंगलच्या तोंडावर एक शब्द नाही. उलट सकाळी फुलं टेकवायला बायका कमी पडल्या की हाच माणूस गुपचूप तिच्या वेलांत वाकलेला दिसायचा.

फुलोरा भरात आला तेव्हा कंपनीचे साहेब तपासणीला आले. वाट दाखवायला मला नेलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी मंगलचे वेल पाहिले, खूष झाले. मग त्यांची नजर बांधापलीकडं गेली.

"हे वेल कुणाचे?"

"माझं," आबा म्हणाले.

"काढावे लागतील. एवढ्या जवळ दुसरी काकडी चालत नाही. मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेतात. बी अशुद्ध होतं, प्लॉट नापास होईल."

आबांनी उपरणं खांद्यावरून काढून पुन्हा टाकलं. "म्हंजी माझ्या काकडीनं तुमची काकडी बाटती व्हय?"

"तसं समजा."

"आन तुमच्यानं माझी?"

साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी खरं तेच सांगितलं. "आजोबा, तुमच्या काकडीची कुठं नोंदच नाही."

बाटणं हा शब्द माझ्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. काकडीच्या बाबतीत तो ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आबा आता आपला प्रश्न विचारणार आणि साहेबांची खरडपट्टी निघणार, अशी मी वाट पाहत राहिलो.

तेवढ्यात मंगल खाली मान घालून म्हणाली, "साहेब, त्यांचं वेल न्हाय काढायचं. आत्याबाईंच्या माहेरचं हायती. माझाच प्लॉट मोडा." हातातली कागदाची टोपी ती बोटानं चुरगळत होती.

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग धोतर खोचलं आणि वाकून पहिला वेल उपटला.

"आबा!"

"वरडतीस कशाला? येडी का खुळी तू?" दुसरा वेल उपटत ते म्हणाले. "एक हंगाम न्हाय लावली तर काय बिघडतंय? माझी कणगी गावभर हाय. दिवाळी झाली की आणीन मूठभर कुणाकडनं बी."

सगळे वेल फुलांसकट त्यांनी गाईपुढं टाकले. गाईनं ते चवीनं खाल्ले. एकाही वेलावर अजून काकडी धरली नव्हती.

मंगलचा प्लॉट पास झाला. तिनं पेढे आणले, मला दिले, आबांना दिले. आबांनी दोन घेतले.

दिवाळीनंतर ते मला म्हणाले, "चल रं, गाडी काढ. कणगी उघडून येऊ." गुडघ्यामुळे लांबची सायकल आता होत नव्हती. मी मोटरसायकल काढली. आबा मागं बसले, नव्या धोतरात. सोयरीक जमवायला निघाल्यासारखे खुषीत होते.

कोऱ्हाळे बुद्रुकला पहिलं घर. चहा झाला, पानसुपारी झाली. घरधनी म्हणाला, "आबा, काकडी लावाय बांध तरी कुठं ऱ्हायलाय? समदा ऊस हाय. तुमचं बी घेतलं व्हतं खरं. पर न्हाय लावलं." पुढच्या घरी, लावलं होतं पण कोंबड्यांनी उकरलं. त्याच्या पुढच्या घरी, पोरांनी मगज म्हणून खाल्लं. एकानं मोठ्या अभिमानानं परड्यात नेलं, 'ही बघा तुमची काकडी' म्हणाला. शेजारीच त्यानं कंपनीची लावली होती. काकडी हिरवीगार, हातभर लांब. आबांनी एक घास खाल्ला. "ग्वाड हाय," म्हणाले आणि उरलेली त्याच्या पोराच्या हातात दिली. मामलेदारांची तर केव्हाच बदली झाली होती.

असे आम्ही कितीतरी दिवस फिरलो. बारामती झाली, इंदापूर झालं. साळूबाईच्या माहेरची पांगलेली माणसंही शोधून काढली. सगळीकडं आदर भरपूर. चहा नको म्हटलं तरी व्हायचा. सुरुवातीला गाडीवर आबा सारखे बोलायचे. नंतर नंतर मला मागं माणूस आहे की नाही, ते बघायला मान वळवावी लागायची.

शेवटी इंदापूरकडच्या एका वस्तीवर एक म्हातारी म्हणाली, "हाय की! तुमी दिलेलं समदं ठिवलंय." आबा उभेच राहिले. म्हातारीनं देव्हाऱ्यातून पितळेची वाटी आणली. त्यात बी होतं. हळदी-कुंकवानं माखलेलं, निरांजनाच्या काजळीनं काळं पडलेलं, तेलकट. कित्येक वर्षांपूर्वी दिलेलं. "एवढ्या मायेनं तुमी वंजळीत घातलं, मातीत कसं टाकू? रोज पूजा करती."

आबांनी त्या म्हातारीला वाकून नमस्कार केला. निघताना त्यातलं थोडं बी मागून उपरण्याच्या गाठीत बांधलं.

घरी आणून त्यांनी ते ओल्या गोणपाटात घातलं. रोज गोणपाट उलगडायचे, पाणी शिंपडायचे, पुन्हा गुंडाळायचे. बियांना बुरशी आली, मोड आला नाही. दिवस उलटले तरी त्यांनी गोणपाट टाकून दिलं नाही. मंगल विचारायची, "आबा, घावलं का बी?" आबा म्हणायचे, "सांगून ठिवलंय. ईल."

त्या पोरीचं जेवण तुटलं होतं. प्लॉटचं आलेलं सगळं तिला विषासारखं वाटत होतं, असं तिचा नवरा मला सांगून गेला. पुढच्या हंगामाला ती प्लॉट घेणार नव्हती.

मृगाच्या तोंडाला आबा दुकानात आले. बाजारचा दिवस नव्हता. बाकड्यावर बसले नाहीत, थेट आत आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच उंबरा ओलांडत होते.

"दुकानदार, काकडीचं बी दे. बुटकी, पांढरट असंल ती."

मी गल्ल्यावरून उठलो. मग फळीवरून पाकीट काढून दिलं. "फोडून दे," म्हणाले. मी फोडलं. बियांना कंपनीचं गुलाबी औषध लावलेलं होतं. आबांनी ते बाहेरच्या नळावर नेऊन धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं, रंग जाईपर्यंत. उपरण्यावर पसरून वाळवलं आणि कोपऱ्यात गाठ मारली. रिकामं पाकीट माझ्याकडं दिलं.

"ह्ये तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मंगलीला सांगितलंय, कोऱ्हाळ्यात घावलं म्हणून."

"आबा..."

"लेकरू हाय रं त्ये. जल्मभर खात बसंल सोताला. साळी असती तर तिनंबी हेच केलं असतं." मग रोकडे पैसे ठेवून ते सायकलकडं गेले.

मंगलच्या वेलांपासून लांब, विहिरीपलीकडं त्यांनी ते लावलं. ह्या बियाला आता कसलं बाटणं, पण बघणाऱ्याला ते खरं वाटलं पाहिजे ना. राखायच्या काकड्यांना चिंध्याही बांधल्या. मी एकदा गेलो तेव्हा निरखून पाहिलं. चिंध्या त्यांच्या धोतराच्या होत्या. पूर्वी त्या साळूबाईच्या जुन्या लुगड्याच्या असायच्या. बाईमाणसाच्या नजरेतून कापड सुटत नाही, त्यामुळे मंगलला काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं प्लॉट मात्र पुन्हा घेतला आणि जेवायला लागली.

श्रावणात एके सकाळी आबा आले. नवं धोतर, सायकलच्या हँडलला पिशवी. पिशवीत मंगलनं केळीच्या पानात गुंडाळून दिलेली हंगामाची पहिली काकडी. सायकल माझ्या भिंतीला लावली. इंदापूरची एसटी समोर येऊन थांबली, कंडक्टरनं ओळखून हाक मारली, "या आबा, माहेरवाशीण आणली का?" आबांनी हातानंच 'जा' म्हणून खुणावलं. एसटी गेली.

ते बाकड्यावर बसले. बऱ्याच वेळानं पिशवीतून काकडी काढून त्यांनी माझ्यापुढं धरली.

"तू खा."

"आबा, उजनीला?"

"मंगलीला फसवलं रं. साळीला न्हाय फसवता येत." ते रस्त्याकडं बघत होते. "काठावर हुबा ऱ्हाऊन काय सांगू तिला? तुझ्या माहेरचं म्हणून ह्ये घे, म्हणू?"

मी आतून मीठ आणलं, काकडी चिरली. चवीला ती उत्तम होती, माझ्या दुकानातली होती. मी मात्र दुसरी फोड घेतली नाही. आबांनी एक फोड हातात घेतली आणि तशीच धरून बसले.

एक गिऱ्हाईक पायरी चढून आलं. दोडक्याचं बी मागितलं. मी सवयीनं बाकड्याकडं पाहिलं. आबांनी मान वर केली, गिऱ्हाइकाला नीट न्याहाळलं आणि सरकून त्याला आत जायला वाट दिली.

इंदापूरहून परतीची एसटी दिवेलागणीला येते. तोवर आबांना घरी जाता येणार नव्हतं. मंगल विचारणार होती, पाण्यात सोडली का म्हणून. मी दुकान त्या दिवशी उशिरापर्यंत उघडं ठेवलं. पुढंही दर श्रावणात, आबा पहिली काकडी घेऊन यायचे त्या एका दिवशी, मी ते तसंच उघडं ठेवत आलो.